मुस्तफाचं बारसं : एका मारामारीच्या खेळाच्या दोन परीक्षा



मागच्या वेळी आपण मार्कंड्याच्या देवळांवर बोललो. वैनगंगेचं उत्तरेला वळलेलं पात्र, काठावरची देवळं आणि एकोणिसाव्या शतकात ती पाहून लिहून ठेवणारे कनिंगहॅम. त्या दिवशी व्याख्यान संपल्यावर मागच्या रांगेतून एक प्रश्न आला होता. देवळांचं सगळं लिहिलेलं आहे, पण देवळाबाहेर महाशिवरात्रीला जी जत्रा भरते, तिथल्या दुकानांचं, पाळण्यांचं, खेळांचं कोणी लिहिलंय का? आम्ही तेव्हा हसून वेळ मारून नेली. खरं उत्तर असं की फारसं कोणी लिहिलेलं नाही. आजचा विषय त्या प्रश्नातूनच निघाला. विषय थोडा पोरकट वाटेल, पण ऐकून घ्या.

सुरुवात जरा लांबून करू. काही वर्षांपूर्वी मुंबईला गोरेगावात करमणुकीच्या यंत्रांचं व्यापारी प्रदर्शन भरलं होतं, तिथे आम्ही गेलो होतो. हे प्रदर्शन लोकांसाठी नसतं. वॉटर पार्कवाले, मॉलमधले गेम झोन चालवणारे आणि यंत्रं विकणारे एकमेकांना भेटतात, भाव ठरतात, ऑर्डरी जातात. एका कोपऱ्यात मारामारीच्या खेळाचं नवं कोरं यंत्र होतं. भला मोठा पडदा आणि एका रांगेत चार दांडे. चौघांनी शेजारी शेजारी उभं राहायचं आणि डावीकडून उजवीकडे जात, वाटेत येईल त्याला बडवायचं. आमच्या वयाच्या माणसाला हे ओळखायला अर्धं मिनिटही लागत नाही.

आम्ही खेळलो. वीस मिनिटं खेळलो असू. मरत होतो, पुन्हा उठत होतो, कारण यंत्र फुकट खेळावर लावलेलं होतं. बटण दाबलं की नवा जीव. आणि खरं सांगायचं तर मजा आली नाही. चित्रं सुंदर होती, आवाज दणदणीत होता, दांड्यात काही खोट नव्हती. काहीतरी कमी होतं, आणि ते काय हे त्या वेळी सांगता येईना. शेजारी उभा असलेला विक्रेता मात्र खेळाबद्दल एक अक्षर बोलत नव्हता. त्याचं सगळं बोलणं दिवसाला किती वेळा कार्ड घासलं जाईल आणि किती महिन्यांत पैसे वसूल होतील यावर. मग त्यानं विचारलं, "तुमचं सेंटर कुठे?" आम्ही म्हटलं, गडचिरोली. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "तिथे मॉल आहे का?"

तो वाईट हेतूनं बोलला नाही. त्याच्या धंद्याचा नकाशाच तसा आहे. पण परतीच्या गाडीत आम्हाला राहून राहून वाटत होतं की या माणसाला ठाऊक नाही, हा खेळ आपल्याकडे येऊन गेलाय, गाजून गेलाय आणि निघूनही गेलाय. तेही मॉल नसताना.

आता थोडा जुना इतिहास. मारामारीचे खेळ एका दिवसात जन्मले नाहीत. १९८४ मध्ये इरेम या जपानी कंपनीचा कुंग फू मास्टर आला. त्यात नायक एका सरळ रेषेत चालतो आणि समोरून येणाऱ्यांना लाथा-बुक्क्यांनी लोळवतो. १९८६ मध्ये टेक्नोस जपाननं कुनिओ-कुन आणला. त्याचा कर्ता योशिहिसा किशिमोतो. स्वतःच्या शाळकरी वयातल्या मारामाऱ्यांची आठवण त्यानं त्या खेळात घातली. इथे नायक वर-खाली, आडवा-तिडवा कुठेही जाऊ शकत होता, आणि शत्रू एका फटक्यात मरत नव्हता. पुढच्याच वर्षी, १९८७ मध्ये, त्याच किशिमोतोचा डबल ड्रॅगन आला, आणि त्यात दोन माणसं एकाच वेळी, एकाच बाजूनं लढू लागली. दोघं भाऊ मिळून पळवून नेलेल्या मुलीला सोडवतात आणि शेवटी, दोघेही जिवंत उरले तर, तिच्यासाठी एकमेकांशीच लढतात. आपल्याकडच्या कुठल्याही हाऊसफुल्ल संगीत नाटकाच्या तिसऱ्या अंकात खपून जाईल असं कथानक आहे हे.

पण कथानकापेक्षा नाण्याकडे लक्ष द्या. या यंत्रांचा सगळा जीव नाण्याच्या फटीत. नवख्या खेळाडूला एका नाण्यात साधारण तीन मिनिटं मिळावीत, असा धंद्यातला ढोबळ हिशोब. त्याहून लवकर मेला तर चिडून निघून जातो, आणि जास्त वेळ टिकला तर मालकाचं नुकसान. म्हणजे खेळ रचणाऱ्याचं काम असं की समोरच्याला मारायचं, पण 'थोडक्यात हुकलं रे' असं वाटायला लावून मारायचं. कॅपकॉम कंपनीच्या फायनल फाइटमध्ये याची कमालच होती. तुम्ही हरलात की पडद्यावर तुमचा गडी खुर्चीला बांधलेला दिसायचा. शेजारी डायनामाइट, त्याची वात जळत चाललेली आणि आकडे उलटे मोजले जात असायचे. नाणं टाकलं की वात विझली. दहा-बारा वर्षांचं पोरगं खिशात शेवटचं नाणं घेऊन उभं असेल, तर त्याची काय अवस्था होत असेल बघा.

याच फायनल फाइटची एक गोष्ट आजच्या विषयाच्या गाभ्याशी आहे. कॅपकॉमनं १९८७ मध्ये स्ट्रीट फायटर काढला होता. तो एकास एक असा सामन्याचा खेळ. त्याचा पुढचा भाग हवा होता, पण तोवर डबल ड्रॅगननं बाजार मारला होता. म्हणून अकिरा निशितानी, अकिरा यासुदा आणि त्यांच्या सोबत्यांनी बनवला तो रस्त्यावरच्या टोळक्यांना बडवत पुढे जाण्याचा खेळ. नाव मात्र जुनंच ठेवलं, 'स्ट्रीट फायटर '८९'. या नावानं तो व्यापारी प्रदर्शनांत मांडला गेला. तिथे यंत्रं चालवणारे धंदेवाले आले, खेळून पाहिलं आणि म्हणाले, हा खेळ स्ट्रीट फायटर नव्हेच, हे नाव लावाल तर गिऱ्हाईक फसेल. कंपनीनं ऐकलं. १९८९ च्या शेवटी खेळ बाजारात आला तो 'फायनल फाइट' या नावानं. आज जगभर ज्या नावानं तो ओळखला जातो, ते असं धंदेवाल्यांच्या दांडा हलवण्यातून आलं.

ही झाली पहिली परीक्षा. परीक्षक यंत्र विकत घेणारा, आणि तो फुकटात खेळतो. त्याला जीव वाचवायचा नसतो, हिशोब करायचा असतो. गोरेगावात आम्हाला जे कमी वाटलं ते हेच होतं. फुकटात या खेळातलं मरण खोटं ठरतं, आणि मरण खोटं ठरलं की खेळ उरतच नाही. यंत्र तेच, पडदा तोच, पण स्वतःचा रुपया आत गेल्याशिवाय हात घट्ट होत नाही.

हा प्रकार आपल्याला परका नाही बरं का. दिवाळीच्या आधी वडशाला जा. देसाईगंजच्या रस्त्यांवर झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांची कार्यालयं उघडलेली असतात, मोठमोठे फलक लागलेले असतात. गावोगावची मंडळं येतात, फलक बघतात, नट-नट्या कोण आहेत विचारतात, भाव करतात आणि आपल्या मंडईच्या रात्रीसाठी नाटक ठरवून जातात. हे आपलं व्यापारी प्रदर्शनच. नाटक विकत घेणारा वेगळा आणि थंडीत रात्रभर जागून बघणारा वेगळा. वडशाला ठरलेलं नाटक पाडायचं की उचलून धरायचं हे शेवटी मंडपातली माणसं ठरवतात. परशुराम खुण्यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आपल्या सगळ्यांनाच आनंद झाला, पण त्या पद्मश्रीच्या मागे अशा किती मंडपांची परीक्षा उभी आहे! तिकीट काढून बसलेला माणूस फुकट पास घेऊन बसलेल्या माणसासारखं नाटक बघत नाही. नटांनाही ते चांगलं कळतं.

दुसरी परीक्षा ही अशी असते, आणि तिचे कागद राहत नाहीत. जपानमध्ये, अमेरिकेत धंद्याची नियतकालिकं होती. कोणतं यंत्र किती कमावतं, याच्या याद्या मालकांना विचारून छापल्या जायच्या. त्या आजही वाचता येतात. मंडईतल्या यंत्राची यादी कोण छापणार? म्हणून आपण दुसरा पुरावा शोधायला हवा, आणि आम्हाला वाटतं तो पुरावा एका नावात आहे. सभागृहात चाळिशीच्या आसपासची जी मंडळी आहेत, त्यांच्या ओठावर ते केव्हाचं आलं असेल. मुस्तफा.

हसू आलं ना? बरोबर. ज्यांना हसू आलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. अमेरिकेत मार्क शुल्ट्झ नावाच्या चित्रकारानं १९८० च्या दशकाच्या शेवटी एक चित्रकथा-मालिका सुरू केली. पुढच्या काळातली पृथ्वी, माणसांची जुनी दुनिया बुडालेली, डायनोसॉर परत आलेले आणि नायक जुन्या कॅडिलॅक गाड्या दुरुस्त करून फिरवणारा. १९९३ मध्ये कॅपकॉमनं यावर खेळ काढला, 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. त्यात निवडायला चार गडी. नायक जॅक, त्याच्या बरोबरीची हाना, धिप्पाड मेस आणि पिवळी टोपी घातलेला चपळ मुस्तफा. चित्रकथेचा नायक जॅक आहे. यंत्रावरच्या पाटीवर गाडी आणि डायनोसॉर आहेत. आपल्या पोरांनी मात्र या सगळ्यांना बाजूला सारलं आणि अख्ख्या खेळाला चौघांतल्या एकाचं नाव दिलं. कॅडिलॅक म्हणजे काय ते कोणाला माहीत होतं? मुस्तफा हे नाव तोंडात बसणारं होतं, आणि तो गडी सगळ्यात झटपट चालायचा. हे केवळ गडचिरोलीत झालं असं नाही. चंद्रपूर, नागपूर, मुंबई, पार हैदराबादपर्यंत कुठेही विचारा, हेच नाव निघतं. कोणत्या कंपनीनं पाठवलं नव्हतं, कोणत्या जाहिरातीत आलं नव्हतं. एका गावातून दुसऱ्या गावात ते तोंडातोंडीच गेलं असणार.

फायनल फाइटचं बारसं प्रदर्शनात झालं, आणि नाव ठेवलं यंत्र घेणाऱ्यांनी. मुस्तफाचं बारसं नाणं टाकणाऱ्यांनी केलं.

तो इथवर आला कसा? याचं उत्तर एका पट्टीत आहे. १९८५ मध्ये जपानी उत्पादकांच्या संघटनेनं, जिला जामा म्हणतात, यंत्राच्या आतल्या जोडणीचं एक माप ठरवून दिलं. ५६ टोकांची पट्टी. वीज कुठून यायची, पडद्याची तार कोणती, दांड्याची कोणती, बटणांची कोणती, सगळं ठरलेलं. त्याआधी नवा खेळ आणायचा म्हणजे यंत्राची आतली सगळी तारजोडणी बदलायची, नाहीतर यंत्रच नवं घ्यायचं. आता लाकडी पेटी तीच ठेवायची, जुना बोर्ड उपसायचा आणि नवा खोचायचा. बैलगाडी तीच, बैल बदलले. नक्कल करणाऱ्यांचंही यानं फावलं. कॅपकॉमनं या खेळाच्या बोर्डात आवाजाचा भाग सांकेतिक करून ठेवला होता. त्याची किल्ली एका छोट्या बॅटरीच्या जिवावर टिकायची आणि बॅटरी मेली की किल्ली पुसली जायची. नकली बोर्ड बनवणाऱ्यांनी तो भागच टाळला आणि स्वस्तातला आवाज बसवला. म्हणून मूळ खेळ आज ऐकला तर आपल्यापैकी अनेकांना तो वेगळाच वाटतो. आपल्या कानात बसला आहे तो नकलेचा आवाज. भारतातल्या गल्ल्यांत आणि जत्रांत फिरले ते बहुतेक बोर्ड असे नकलीच होते.

इथे नैतिक प्रश्न आहे, तो झाकत नाही. ज्यांनी खेळ रचला त्यांना आपल्या रुपयातली दमडीही पोचली नाही. हे योग्य होतं असं आम्ही म्हणणार नाही. पण नकली बोर्ड नसता, तर गोरेगावच्या त्या विक्रेत्याच्या नकाशावर जे नाही तिथे हा खेळ कधी पोचलाच नसता, हेही तितकंच खरं. दोन्ही गोष्टी एकदम हातात धरून बसावं लागतं.

त्या ५६ टोकांत आणखी एक गंमत आहे. ती पट्टी दोन खेळाडूंपुरती. कॅडिलॅक्स तिघांचा खेळ, आणि तिसऱ्याच्या तारा वेगळ्या जोडाव्या लागायच्या. आमच्या आठवणीतल्या पेट्यांना दोनच दांडे होते. तिसरा भिडू बाजूला उभा राहायचा आणि ओरडायचा. तो पुढे काय येणार ते सांगायचा, आपला नंबर कधी ते विचारायचा, आणि दोन्ही बटणं एकदम दाब म्हणून सांगायचा. दोन्ही बटणं एकदम दाबली की गडी गोल फिरून सगळ्यांना उडवतो, पण त्यात स्वतःचीही ताकद थोडी जाते. ओरडणाऱ्याची ताकद जात नसल्यामुळे तो हा सल्ला सढळ हातानं द्यायचा.

आता आपल्या मुलखात येऊ. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा झाला. व्हिडिओ गेमची यंत्रं देशात पसरली तीही त्याच्या पुढच्या दहा-पंधरा वर्षांत. पण चंद्रपुरात, बल्लारपुरात गोष्ट वेगळी होती. कोळशाच्या खाणी, कागद कारखाना, वीज केंद्र. महिन्याच्या महिन्याला पगार येणारी वस्ती. तिथे एखाद्या गाळ्यात पाच-सहा पेट्या मांडून बारमाही दुकान चालू शकत होतं. वैनगंगा ओलांडून अलीकडे आलं की पैसा हंगामी. धान कापला, विकला की दिवाळीनंतर हातात थोडं काही असायचं, आणि नेमक्या त्याच दिवसांत मंडया सुरू व्हायच्या. दुसरा पैसा उन्हाळ्यात, तेंदूपत्त्याचा. सत्तर पानांचं एक पुडकं, शेकड्यावर मजुरी, आणि अख्खं घर त्याला जुंपलेलं. त्या घरातलं पोट्टं एक रुपया यंत्रात टाकतं, तेव्हा त्या रुपयात त्याच्या बोटांनी बांधलेली पुडकीही असतात. तीन मिनिटांचा जपानी हिशोब इथे येऊन किती जड होतो बघा. म्हणून इथे एका यंत्रासमोर खेळणारे दोन आणि बघणारे वीस असायचे. बघणं फुकट होतं.

चैत्रात चंद्रपूरच्या महाकालीला नांदेड-परभणीकडून, तेलंगणातून लोक येतात, महाशिवरात्रीला मार्कंडा. पाळणा, मौत का कुआँ, फोटो स्टुडिओ आणि त्यांच्यात कनात लावून दोन-तीन पेट्या. अशाच एका जत्रेतलं आम्हाला अजून डोळ्यांसमोर दिसतं. वीज जनरेटरची. बोर्डाला पाच व्होल्ट नीट मिळाले नाहीत की तो खेळ सोडून पहिल्यापासून सुरू होतो. शेजारचा पाळणा फिरायला लागला की जनरेटर दबायचा, पडदा आक्रसायचा आणि आमचा मुस्तफा चौथ्या टप्प्यावरून थेट नाहीसा. रुपया गेला. पेटीवाला म्हणायचा, मी काय करू, पाळण्यावाल्याला जाऊन विचार. मग पोरांनीच युक्ती काढली. एक जण पाळण्यापाशी उभा. पाळणा भरत आला की शिट्टी. तोवर नाणं टाकायचं नाही.

फुकट खेळून यंत्र पारखणाऱ्या कुठल्याही ऑपरेटरला ही शिट्टी सुचली नसती.

कायद्याच्या पुस्तकात या यंत्रांचा उल्लेख सापडतो, नाही असं नाही. १९२३ चा मुंबई करमणूक शुल्क अधिनियम मूळचा नाटक-सिनेमाच्या तिकिटांसाठी. काळ बदलला तसे व्हिडिओ गेमही त्याच्या कक्षेत आले. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि ती जुनी व्यवस्था मोडीत निघाली. पण कराचा कागद फार तर यंत्र होतं एवढं सांगेल. त्यावर कोण खेळलं, काय म्हणून खेळलं, हे सांगायचं काम त्याचं नाही. आणि कनातीतल्या पेटीचा कर भरला जात होता, असं समजण्याइतके आपण भाबडे नाही.

एका गोष्टीवर थांबतो. कधीकधी आम्हाला विचारलं जातं की ज्या जिल्ह्यानं खऱ्या बंदुका इतक्या पाहिल्या, तिथल्या पोरांना मारामारीच्या खेळाचं काय कौतुक? प्रश्न विचारणारा बहुधा बाहेरचा असतो. आम्ही उत्तर देत नाही, एवढंच सांगतो की त्या पेटीत मेलेला गडी एका रुपयात उठायचा.

पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. घरात स्वस्त टीव्ही गेम आले, मग सायबर कॅफे, मग हातात फोन. पेट्यांची लाकडं सरपणात गेली, काचेचे पडदे आणि बोर्ड भंगारात. मूळ खेळाचंही नशीब विचित्र. कॅपकॉमनं २०१८ मध्ये आपल्या जुन्या मारामारीच्या सात खेळांचा संच पुन्हा विकायला काढला. त्यात फायनल फाइट आहे, कॅप्टन कमांडो आहे. मुस्तफा नाही. हा खेळ घरच्या यंत्रांसाठीही कंपनीनं कधी काढला नाही. ज्या खेळाला इथल्या पोरांनी नाव दिलं, तो दुकानातून रीतसर विकत घेऊन खेळायची सोय आजही नाही. राहिली आहे ती आठवण. आणि ती सांगणारी माणसं आता चाळिशी-पंचेचाळिशीत आहेत, म्हणजे अजून विचारता येतं.

तर आमचं काम असं. मागच्या टेबलावर तीन वह्या ठेवल्या आहेत, एक चंद्रपूरकडच्यांसाठी, एक वडसा-आरमोरीकडच्यांसाठी, एक अहेरी-सिरोंच्याकडच्यांसाठी. जाताना पाच मिनिटं थांबा. कोणत्या गावची मंडई किंवा जत्रा, साल अंदाजे, पेटीला दांडे किती, आत नाणं जायचं की मालकाकडून टोकन घ्यावं लागायचं, आणि त्या खेळाला तुम्ही काय म्हणायचात. मुस्तफाशिवाय दुसरं नाव असेल तर ते आधी लिहा. स्वतःचं नाव लिहायची गरज नाही. शिट्टी वाजवणारा इथे असेल, तर त्यानं मात्र आम्हाला भेटल्याशिवाय जाऊ नये.

आता प्रश्न घेऊ.